मुळाला साठ, घराला चारशे

रोशनीने जव्हारहून कॉम्प्युटर आणला तो एस.टी.च्या सीटवर बसवून, आणि स्वतः आली उभ्याने.

"ताई, लगेज मागं टाका," कंडक्टर म्हणाला.

"मागं नको हो, आदळेल."

"आदळेल? आहे काय आत?"

"कॉम्प्युटर," रोशनी म्हणाली, आणि हे तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की ड्रायव्हरनेसुद्धा आरशातून मागे पाहिलं. कंडक्टरने गोधडी जरा उचलून आतला काळा डबा बघितला, "चालतो का पण?" म्हणाला. "चालेल!" ती म्हणाली. मग त्याने आणखी काही न विचारता लगेजचं तिकीट फाडलं आणि मोखाड्याकडच्या प्रत्येक वळणावर एक हात डब्यावर ठेवून उभा राहिला.

जव्हारला ऑनलाइन फॉर्म भरायचं एक दुकान होतं, तिथे ती कामाला जायची. आयटीआयचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, बोटं टायपिंगला तयार. दुकानाच्या मालकाने, नितीनदादाने, नवी मशीन आणली तेव्हा जुन्यातली एक तिला देऊन टाकली. "विंडोज टाकलंस की म्हशीसारखी बसेल," तो म्हणाला होता. "लिनक्स टाक. हलकं असतं, पळेल. फक्त डिस्कची वाटणी नीट कर. मागच्या वेळी आपण काय केलं होतं, आठवतंय ना?"

न आठवायला काय झालं? दुकानातल्या एका मशीनवर सिस्टीमला पंधराच जीबी दिले होते. सहा महिन्यांत ते काठोकाठ भरले आणि ऐन स्कॉलरशिपच्या फॉर्मच्या दिवसांत पडदा काळा तो काळाच. बाहेर पोरांची रांग आणि आत रोशनी रडकुंडीला. त्याच दिवशी तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, की आपला स्वतःचा कॉम्प्युटर झाला तर आधी वहीत मांडायचं आणि मगच बटण दाबायचं.

पोशेऱ्याच्या फाट्यावर उमेश तासभर आधीच येऊन उभा होता. लग्न वैशाखात झालेलं, आता मार्गशीर्ष लागला होता, तरी रोशनी एस.टी.तून उतरताना त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते काही कमी झालं नव्हतं. उमेश गवंडीकाम करायचा. विटा उचलणाऱ्या हातांनी त्याने डबा घेतला, पण चालला असा की जणू डब्यात काठापर्यंत दूध भरलंय. मॉनिटर रोशनीच्या डोक्यावर. दोघं चढ चढली ती सगळा वेळ हसत, आणि कशाला हसताय असं कोणी विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिला दुपारीच सुट्टी मिळाली. सासू-सासरे खळ्यावर भात झोडत होते. घरात दोघंच. रोशनीने वही काढली आणि पानभर एक लांब पट्टी आखली.

"ही डिस्क," ती म्हणाली. "पाचशेची. पण भरतात चारशे पासष्टच."

"पस्तीस कोणी खाल्ले?"

"कोणी नाय खाल्ले. विकणारा हजाराच्या मापानं मोजतो, कॉम्प्युटर हजार चोवीसच्या. माल तोच, माप वेगळं."

"म्हणजे व्यापाऱ्याची पायली," उमेश म्हणाला. त्याला पटलं.

तिने पट्टीच्या डाव्या टोकाला बोटभर तुकडा पाडला. हा उंबरठा, मशीन इथून आत शिरणार, याला अर्धा जीबी पुरे. पुढचं मूळ, म्हणजे सिस्टीम जिथे राहते ते. इंग्रजीत त्याला रूट म्हणतात. त्याला पंधरा नाहीत, साठ द्यायचे. उजव्या टोकाला पडवी, आठची. मशीनच्या हातात मावेनासं झालं की सामान घटकाभर टेकवायला. आणि उरलेलं सगळं होम. घर. आपलं जे जे काही ते तिथे.

"आपल्या लग्नाचं शूटिंग?" उमेशने विचारलं.

"ते किती आहे?"

"पेनड्राइव्हवर बेचाळीस जीबी. त्यात तीस जीबी नुसता डीजेपुढचा नाच हाय."

रोशनीला हसू आवरेना. त्या नाचात ती स्वतः कुठेच नव्हती, तिला हळद लावून आत बसवलं होतं. सगळा उमेश आणि त्याचे दोस्त.

"आणि आईची गाणी," ती म्हणाली. तिची सासू तानी ही धवलेरी. गावोगावच्या लग्नांत विधीची गाणी म्हणायला तिला बोलावणं यायचं, आणि तिच्या गाण्याशिवाय नवरा-नवरीचं लग्न लागलं असं कोणी मानायचं नाही. हे एकही गाणं कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळी तिच्या डोक्यात. ती भरून ठेवायची असं रोशनीच्या मनात फार होतं.

आता कारवीच्या कुडाचं घर म्हणजे आतलं बाहेर ऐकू येणारच. त्याच वेळी शेजारची रुपी सूप मागायला आली आणि कुडाशी थबकली. तिने काय ऐकलं ते रोशनीला मागाहून कळलं. ते असं होतं:

"घर वेगळंच ठेवायचं बघ. मुळात मिसळायचं नाय. उद्या मुळाचं काय वाटोळं झालं तरी घराला धक्का नाय."

"आणि जुनं हाय ते?"

"सगळं पुसून टाकायचं."

"आईला किती?"

"दोन पुरे. दोनसुद्धा जास्तच झाले."

"मागनं बदलता येईल का?"

"येतं, पण जिवावरचं काम. एकदा वाटणी झाली की झाली. म्हणून तर आज ठरवायचं, उद्या सकाळी उरकून टाकायचं. सांगायचं नाय कोणाला, झाल्यावरच दाखवू."

रुपी सूप न घेताच गेली, आणि गेली ती थेट खळ्यावर.

संध्याकाळी रोशनीला सगळं जरा वेगळंच वाटलं, पण आनंदाच्या भरात तिने त्याचा सरळ अर्थ लावला. सासरे सावळा एरवीही मोजकंच बोलायचे. आज तर त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवून उठून टेकडीवर फोन लावायला गेले, कारण रेंज तिथेच यायची. दमले असतील, असं तिला वाटलं. तानीने चुलीमागून जुना बिडाचा तवा काढला, राखेने लख्ख घासला आणि तिच्यापुढे ठेवला.

"हा तुला," ती म्हणाली. "माझ्या सासूनं मला दिला होता."

"अगं आई, कशाला? आपण सगळी एकाच तव्यावरचं खातो की."

यावर तानीने पदर डोळ्यांना लावला आणि आत निघून गेली. सासू आपल्यावर किती जीव टाकते, या विचाराने रोशनीचाही ऊर भरून आला. तिने हे उमेशला सांगितलं, तर तो म्हणाला, "आईचं असंच असतं." आणि दोघं पुन्हा पट्टीकडे वळली.

शुक्रवार उजाडला. दुकानाला सुट्टी. ऊन अंगणात उतरतंय तोच मोटरसायकल फटफटत आली आणि तिच्यावरून थोरला दीर पंढरी उतरला. तो जव्हारला एका वसतिगृहावर वॉचमन होता, सणावाराशिवाय यायचा नाही. त्याच्या पाठोपाठ तुकाबाबा आले. गावात कोणाच्या बांधाचं भांडण झालं की तुकाबाबाच दोरी घेऊन मोजायला बसायचे. आजही खांद्यावर दोरीचं वेटोळं होतं. रुपी आधीच येऊन खांबाला टेकली होती.

रोशनीला वाटलं, बातमी फुटली! घरात पहिला कॉम्प्युटर सुरू व्हायचा म्हणून दादा जव्हारहून धावत आले! तिने भराभर घोंगडी अंथरली, पाणी आणलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की तुकाबाबांना समोर कसं बोलावं ते सुचेना.

शेवटी ते खाकरले. "पोरी, खरं सांग. वाटणी तुझ्या डोक्यातली का उमेशच्या?"

"माझ्याच की!" रोशनी म्हणाली. "ह्याला काय कळतंय त्यातलं?"

पंढरीने उमेशकडे पाहिलं. उमेश खुशाल मान डोलवत होता.

"कधी करायची म्हणता?" तुकाबाबांनी विचारलं.

"आताच. लाईट हाय तोवर."

"लाईट कशाला?"

"लाईट गेली मधेच तर सगळं घर जाईल ना, बाबा."

सावळांनी डोकं हातात धरलं. पंढरी मात्र उठून उभा राहिला. "सात महिन्यांत?" त्याचा आवाज चढला. "मी इतकी वर्षं जव्हारला राहतो, कधी म्हणालो का माझं मला द्या? आणि उम्या, तू नुसता नंदीबैल?"

"अरे दादा, तुला पण ठेवलंय की," उमेश म्हणाला. "तुझ्या पोरांचे फोटो टाकायला."

"फोटो?"

"थांबा, मी मांडलेलंच हाय," म्हणत रोशनी आत पळाली आणि वही घेऊन आली. पट्टीवर बोट ठेवून तिने वाचायला सुरुवात केली. "उंबरठ्याला अर्धा. मुळाला साठ. पडवीला आठ. आणि घराला चारशेला साडेतीन कमी."

"चारशे काय?" तुकाबाबा पुढे सरकले. "गुंठे?"

"जीबी."

"जीबीचे गुंठे किती धरायचे?"

सावळांनी हळूच डोकं वर काढलं. काल दुपारपासून ते घरात एक शब्द बोलले नव्हते. "आपली सगळी मिळून दीड एकर," ते म्हणाले. "साठ गुंठे. ते साठ मुळातच गेले. मग हे वरचे चारशे, सूनबाई, तू आणले कुठनं?"

"नितीनदादांनी दिले."

"नितीन कोण?" पंढरी ओरडला. "त्याची जमीन कुठं हाय?"

"आणि त्यातनं मला दोन!" तानीचा बांध फुटला. "दोन पण जास्तच! ऐकलं हिनं!" तिने रुपीकडे हात केला. "जल्मभर राबले मी ह्या घरात, आणि मला दोन!"

रोशनी एकेकाच्या तोंडाकडे पाहायला लागली. तानी, मग रुपी, मग तुकाबाबांच्या खांद्यावरची दोरी. तिला रात्रीचा तवा आठवला. आणि मग कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण हसू काही आत राहीना.

"आई, तू समजलीस… मी घर फोडते? हे घर?"

आता उमेशच्याही लक्षात आलं. तो हसता हसता मागे कलंडला तो थेट पेंढ्याच्या ढिगात, आणि तिथून नुसते त्याचे पाय हवेत दिसत राहिले. रोशनीने तानीचा हात धरून तिला आत ओढत नेलं, मॉनिटरवरची गोधडी काढली आणि डब्यावर थाप मारली. "ह्याची वाटणी, आई! ह्याच्या पोटातली!"

तानीने डब्याकडे पाहिलं. मग बाहेर येऊन रुपीकडे. "भवाने," ती म्हणाली, "रात्रभर डोळ्याला डोळा नाय माझ्या." आणि हे म्हणता म्हणता तिलाच हसू फुटलं. तानीचं हसणं म्हणजे गाणाऱ्या बाईचं हसणं, ते खालच्या पाड्यापर्यंत ऐकू जायचं. रुपी म्हणाली, "मी ऐकलं ते खोटं हाय का सांगा?" आणि खोटं त्यात खरंच काही नव्हतं. पंढरी इतका वेळ आवळलेल्या मुठी घेऊन उभा होता. त्याने त्या सोडल्या आणि त्यांचं आता काय करावं ते न कळून भावाला पेंढ्यातून ओढून बाहेर काढलं.

आता सगळे परत जातील असं कोणालाही वाटलं असतं. पण तुकाबाबा हलेनात.

"मी वाटणी करायला आलो," ते म्हणाले. "केल्याशिवाय जाणार नाय. दाखव तुझी पट्टी."

मग अंगणात ती डिस्कची वाटणी बसली, आणि ती जमिनीच्या वाटणीइतकीच गंभीरपणे चालली. तुकाबाबांनी काठीने मातीत पट्टी ओढली. रोशनीने तुकडे पाडले, कोणता कशाला ते सांगितलं. तानीचा दोनवरचा राग अजून उतरला नव्हता.

"नाचाला तीस, आणि माझ्या सगळ्या गाण्यांना दोन?"

"आई, आवाजाला जागाच लागत नाय गो. तू रात्रभर गायलीस तरी एक भरत नाय."

"लागत कशी नाय? लोक अंगणात मावत नाहीत माझं गाणं असलं की!"

"मग व्हिडिओ काढू," उमेश म्हणाला. "तू दिसशील पण. मग शंभर लागतील."

"शंभर," तानीने लगेच पक्कं केलं, आणि मातीतल्या घराच्या तुकड्यात स्वतःच्या हाताने एक खडा ठेवला. पंढरीने पोरांच्या फोटोंसाठी दुसरा ठेवला. रुपीने कोणी न विचारता तिसरा ठेवला. "माझं काहीतरी होईलच की," ती म्हणाली.

तुकाबाबा मात्र मूळ आणि घर यांच्यामधल्या रेघेकडे टक लावून बघत होते.

"हे मूळ साठात भागलं नाय तर?"

"भागेल, बाबा. पंधराचं चौपट केलंय."

"भागेल म्हणून केलेल्या वाटण्याच माझ्याकडं परत येतात," ते म्हणाले. "दोघांच्या बांधाला बांध लावलास, की एकाला हात पसरायचा तर दुसऱ्याला उठवावं लागतं. मधे पडीक ठेव थोडी. कोणाचीच नाय अशी. ज्याला लागेल तो तिकडं सरकेल."

रोशनी त्यांच्याकडे बघतच राहिली. कोर्समध्ये हे शिकवलं होतं खरं, की मुळाच्या उजवीकडची जागा मोकळी असली तर ते पुढे सहज वाढवता येतं. पण ती ते साफ विसरून गेली होती, आणि हजार चोवीसचं मापही ठाऊक नसलेल्या म्हाताऱ्याने काठीच्या टोकाने ते बरोबर मधोमध आणून ठेवलं होतं. तिने वाकून त्यांचे पाय धरले. मग घरातले चाळीस काढून मध्ये पडीक टाकले. घराला साडेतीनशेच्या वर राहिले. तानीने आपला खडा हलला नाही ना, ते पाहून घेतलं.

मग सगळे आत शिरले. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, मशीन घुरघुरली, पडद्यावर खरोखरची पट्टी उमटली, रंगीबेरंगी. रोशनी आकडे भरत गेली. तुकाबाबांनी वितीने पडदा मोजून घेतला आणि "बरोबर," म्हणाले. शेवटचं बटण उरलं. जुनं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, असं मशीन विचारत होती.

रोशनीचं बोट थांबलं. तिने मागे वळून पाहिलं. सहा जणांचे श्वास एकदम अडले होते.

"दाब गो," सावळा म्हणाले.

तिने दाबलं, आणि त्याच क्षणी वरचा बल्ब लुकलुकला.

"ए!" तानी बल्बवर ओरडली. "गेलीस तर बघ!" पंढरीने मीटरकडे हात जोडले. उमेशने कशासाठी कोण जाणे, पण कॉम्प्युटरचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. बल्ब पुन्हा लुकलुकला, पिवळा झाला, मग जरा विचार केल्यासारखा करून पांढराफेक पेटला आणि तसाच राहिला. पडद्यावरची रेघ सरकायला लागली तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

मध्येच मशीनने नाव विचारलं. कॉम्प्युटरचं नाव काय?

"त्याला नाव पण लागतं?" सावळांनी विचारलं.

"आज वार कोणता?" तानी म्हणाली.

"शुक्रवार."

"मग सुकऱ्या. त्यात विचारायचं काय?"

रोशनीने सुकऱ्या टाइप केलं. पासवर्ड विचारला तेव्हा सगळ्यांनी एकाच वेळी इतके सुचवले की कोणताच गुपित राहण्यासारखा उरला नाही. शेवटी तिने सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि एकटीने टाकला. तुकाबाबासुद्धा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, दोरी खांद्यावर तशीच.

अर्ध्या तासाने सुकऱ्या बंद होऊन पुन्हा उठला. स्वच्छ निळा पडदा, एका कडेला चार चित्रं.

"आता हा काय करतो?" तुकाबाबांनी विचारलं.

रोशनी गडबडली. वहीची सहा पानं भरली, सगळ्याला जागा दिली, पण पहिलं काय करायचं हे तिने ठरवलंच नव्हतं. तिने लिहायचं पान उघडलं, आणि सुचेल ते म्हणून जे समोर होते त्यांची नावं मराठीत लिहायला लागली. तुका. रुपी. तानी. पंढरी. उमेश. आणि शेवटी सावळा.

ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ज्यांना येत नव्हतं त्यांना आपापलं नाव दाखवलं. रुपीने पडद्याला बोट लावून बघितलं, ओलं आहे का. सावळा सगळ्यांच्या मागे उभे होते. ते पुढे आले, खाली वाकले, डोळे बारीक केले.

"लय बारीक हाय," ते म्हणाले. "मोठं होतं का?"

"होतं की, बाबा." तिने मोठं केलं.

"अजून?"

तिने अजून केलं. मग अजून. बाकीची नावं वर सरकत पडद्याबाहेर गेली. मग सावळातलं वळा गेलं, आणि शेवटी अख्ख्या पडद्यावर नुसता एक सा उरला, दारातून दिसेल एवढा, सुपाएवढा. सावळा कंबरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभे राहिले आणि असे खदाखदा हसले, की चहा टाकायला गेलेली तानी चुलीपुढून उठून बघायला आली.